विमा एजंटचं पुढचं ट्रेनिंग: तास कोणी मोजत नाही, तरी कसं करायचं (कोकणातल्या एजंट मंडळींसाठी)

दरवर्षी कोणी ना कोणी नवा एजंट विचारतोच, दादा लायसन रिन्यू करायचं ट्रेनिंग कुठे असतं, २५ तास भरायचे असतात ना? हे त्याला कुठल्यातरी जुन्या डीओने (कंपनीच्या डेव्हलपमेंट ऑफिसरने) सांगितलेलं असतं आणि डीओ काही खोटं बोलत नसतो, फक्त त्याची माहिती जुनी असते. पूर्वी तसंच होतं. २००० सालच्या नियमांत लायसन ३ वर्षांचं मिळायचं, संपायच्या आत २५ तासांचं ट्रेनिंग करायचं, लाईफ आणि जनरल दोन्ही विकणाऱ्या कंपोझिट एजंटला ५० तास, मग फॉर्म, मग फी, मग ते कार्ड यायची वाट बघत बसायचं.

२०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१६ पासून एजंट नेमणुकीचे नवे नियम लागू झाले. आता आयआरडीएआय, म्हणजे विम्याचं सरकारी नियामक मंडळ, साध्या एजंटला लायसन देत नाही, तुम्हाला कंपनी नेमते, नेमणुकीचं पत्र आणि आयडी कार्ड कंपनीच देते, आणि दर ३ वर्षांनी रिन्यू करायची भानगड राहिली नाही. म्हणजे एजंट व्हायची आयसी-३८ ची परीक्षा ३५ टक्क्यांनी पास झालात, कंपनीने पत्र दिलं, की पुढे जन्मभर कोणी तुम्हाला परत परीक्षेला बसवत नाही. अमेरिकेत बघा, तिथे बहुतेक राज्यांत दर २ वर्षांनी २४ तास भरावे लागतात आणि त्यातले ३ तास निव्वळ एथिक्सचे, नाही भरले तर लायसन लटकतं.

आपल्याकडे तास गेले आणि लोकांनी अर्थ काढला की अभ्यासच गेला. माझं म्हणणं उलट आहे. जेव्हा तास होते तेव्हा निम्मे लोक सही करून चहा पिऊन यायचे, पण निदान तीन वर्षांतून एकदा नवा कागद डोळ्यांखालून जायचा. आता तोही जात नाही, आणि नियम मात्र २०२४ पासून इतके बदललेत की २०१९ ला पास झालेला एजंट आज क्लायंटला जे सांगतो त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. तेव्हा हा लेख दोन गोष्टींसाठी, एक म्हणजे तुमच्यावर नक्की काय बंधनकारक आहे ते तपासायचं कसं, आणि दुसरं म्हणजे जे बंधनकारक नाही पण करायलाच हवं ते आपल्या कोकणातल्या वर्षाच्या गणितात बसवायचं कसं.

आधी तुम्ही कोण ते बघा

हे विनोदाने नाही सांगत. खूप जणांना आपण नक्की कुठल्या खान्यात आहोत तेच माहीत नसतं, "मी इन्शुरन्सचं काम करतो" एवढंच माहीत असतं. नेमणुकीचं पत्र काढा, कपाटात नाहीतर जुन्या मेलमध्ये असेल.

पत्र थेट विमा कंपनीचं असेल आणि एजन्सी कोड असेल तर तुम्ही २०१६ च्या नियमांतले एजंट. तुम्हाला एक लाईफ, एक जनरल, एक हेल्थ कंपनी आणि शिवाय मोनोलाइन (एकाच प्रकारचा विमा विकणारी) कंपनी असेल तर तीही, अशी प्रत्येक प्रकारातली एकेकच घेता येते. तासांचं सरकारी बंधन नाही, पण कंपनीला आपल्या संचालक मंडळाने मंजूर केलेलं एजन्सीचं धोरण ठेवावं लागतं आणि त्यात ट्रेनिंगचा भाग असतो. म्हणजे कंपनी म्हणाली की हे ई-मॉड्यूल मार्चआधी पूर्ण करा नाहीतर अमुक प्रॉडक्टचं लॉगिन बंद, तर ते तिचं चालतं. ब्रँचमध्ये जाऊन सरळ विचारा की माझ्या कोडवर वर्षाचं कुठलं ट्रेनिंग सक्तीचं आहे, आणि उत्तर मेलवर मागा. तोंडी उत्तर घेऊ नका, तोंडी उत्तर देणाऱ्याची बदली होते.

वेब अ‍ॅग्रीगेटर (पॉलिसींची तुलना करून देणारी वेबसाइट), ब्रोकर किंवा कंपनीसाठी पॅनकार्डावर मोटर नि साध्या पॉलिसी काढत असाल तर तुम्ही पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन. १५ तासांचं ट्रेनिंग आणि त्यांचीच परीक्षा झालेली असणार. इथे एक लक्षात ठेवा, पीओएसपीला ठरवून दिलेली साधी प्रॉडक्ट्सच विकता येतात. मोबाईलवर अ‍ॅप उघडतंय म्हणून वाट्टेल ते विकायला जाऊ नका.

बँकेत नाहीतर पतसंस्थेत नोकरीला असाल आणि तिथे विमा विकत असाल तर तुम्ही स्पेसिफाईड पर्सन. हा खाना वेगळा आहे, इथे कॉर्पोरेट एजंटचे (विमा विकणाऱ्या संस्थांचे) २०१५ चे नियम लागतात, सुरुवातीला ५० तासांचं ट्रेनिंग, कंपोझिटला ७५, आणि सर्टिफिकेट ३ वर्षांचं. म्हणजे मुदत बघायचं खरं काम तुमचं आहे. आमच्या ओळखीत एका पतसंस्थेत सर्टिफिकेटची तारीख उलटून गेली तरी काउंटरवर पॉलिसी निघतच होत्या, कोणी बघितलंच नाही, आणि नंतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले. तुमच्या संस्थेत प्रिन्सिपल ऑफिसर म्हणून कोणीतरी असतो, त्याच्याकडून तुमच्या सर्टिफिकेटची तारीख लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये ३ महिने आधीचा रिमाइंडर लावा.

ब्रोकरकडे काम करणारे आपल्या भागात थोडेच, त्यांचं ट्रेनिंग मोठं असतं, ते त्यांना ठाऊक असतं.

आणि वहिनी-ताई मंडळींसाठी, बचत गटातून बऱ्याच जणी एलआयसीच्या बीमा सखीमध्ये आल्यात. ती योजना ९ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, १० वी पास आणि १८ ते ७० वयाच्या बायकांसाठी, पहिल्या वर्षी महिना ७००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६०००, तिसऱ्या वर्षी ५०००. पण हे पैसे नुसते वर्गात बसून मिळत नाहीत, किती पॉलिसी काढल्या आणि त्या पुढे चालू राहिल्या का यावर आहे. म्हणून पहिल्याच महिन्यात आपल्या अटी वाचून घ्या.

पोर्टलवर नाव तपासा

आयआरडीएआयच्या एजन्सी पोर्टलवर पॅन नंबर टाकून तुमची नोंद दिसते. ती एकदा बघाच. कंपनीचं नाव बरोबर आहे का, जुनी सोडलेली कंपनी अजून चालू दाखवतेय का, हे दिसतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा असतो, पॅनवर माहेरचं नाव, पासबुकवर सासरचं, आधारवर वडिलांचं नाव मधेच तुटलेलं, आणि मग ट्रेनिंगचं सर्टिफिकेट तिसऱ्याच स्पेलिंगने येतं. कमिशन अडकल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच सगळीकडे एकच नाव करून घ्या.

वर्ष कसं लावायचं

कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. आपलं वर्ष तसं चालत नाही. मार्चमध्ये टार्गेट असतं आणि तेव्हाच नेमका शिमगा, पालखी घरोघर फिरतेय आणि तुम्ही दारात फॉर्म घेऊन उभे. एप्रिल-मे आंबा, बागवाला माणूस तेव्हा फोनच उचलत नाही, पेट्या भरण्यात असतो. पण त्याच वेळी मुंबईचे चाकरमानी सुट्टीला आलेले असतात. गणपतीत तर विचारूच नका, सगळं गाव घरी असतं, वर्षभर ज्या माणसाला गाठायचं होतं तो आरतीला समोरच उभा असतो, तेव्हा तुम्ही ऑनलाइन क्लासला बसलात तर तुमच्यासारखे तुम्हीच.

म्हणून अभ्यास जून-जुलैला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, धंदा थंड, बाहेर धो धो पाऊस, माणसं घरात. आठवड्याला ३ तास धरले तरी त्या दोन महिन्यांत २५ च्या आसपास सहज होतात, म्हणजे जुन्या नियमात तीन वर्षांत व्हायचं तेवढं एका पावसाळ्यात. फक्त एक काळजी घ्या, लाईट आणि रेंज. पावसात वाडीत दोन दोन दिवस लाईट नसते, त्यामुळे पीडीएफ आणि व्हिडिओ मे अखेर तालुक्याला गेलात की डाउनलोड करून ठेवा, आणि दोन-चार महत्त्वाच्या गोष्टी सरळ प्रिंट काढा. छापलेला कागद चार्ज करावा लागत नाही.

दुसरा छोटा हप्ता ऑक्टोबर-नोव्हेंबरला ठेवा, दिवाळीच्या पुढेमागे, कारण तेव्हा आंबा-काजूचा फळपीक विमा भरायची वेळ येते आणि लोक विचारायला लागतात.

काय शिकायचं: आधी नियम, मग क्लेम, प्रॉडक्ट शेवटी

कंपनीचं ट्रेनिंग म्हणजे बहुतेकदा हॉटेलात जेवण, नवीन प्लॅनचे स्लाइड आणि शेवटी टार्गेट. जा जरूर, जेवण चांगलं असतं, पण ते अभ्यासाच्या तासांत धरू नका. मी स्वतः निम्मा वेळ क्लेमवर घालवायला सांगतो, कारण क्लायंट पॉलिसी घेताना नाही, क्लेमला तुमची किंमत करतो.

आधी हे बदल डोक्यात पक्के बसवा. सगळे एका बैठकीत नका वाचू, एकेक घ्या आणि तो कुठल्या क्लायंटला लागू पडतो ते नाव शेजारी लिहा.

फ्री लूक आता ३० दिवसांचा. पूर्वी साधारण १५ दिवस सांगायचो, अजूनही काही जण तेच सांगतात. पॉलिसी हातात आल्यावर आवडली नाही तर ३० दिवसांत परत करता येते, आणि हे स्वतःहून सांगणारा एजंट लोकांना जास्त आवडतो, हा माझा अनुभव.

सरेंडर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडणं. १ ऑक्टोबर २०२४ पासून लाईफच्या नव्या प्लॅनमध्ये पहिल्या वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेला असेल तर वर्ष संपल्यावर स्पेशल सरेंडर व्हॅल्यू (मोडल्यावर परत मिळणारी रक्कम) लागू होते. पूर्वी एक हप्ता भरून सोडलं की पैसे गेले असं धरायचो. पण नीट बघा, हे नव्या प्लॅनसाठी आहे, क्लायंटच्या २०१५ च्या पॉलिसीला तिच्याच जुन्या अटी. इथे चुकीचं बोललात तर गावभर होतं.

हेल्थमध्ये आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३६ महिने, पूर्वी ४८ होता. मोरेटोरियम, म्हणजे कंपनीला जुनी माहिती उकरून शंका घेता येते तो काळ, ६० महिने, पूर्वी ९६. म्हणजे ५ वर्षं सलग हेल्थ पॉलिसी चालली की फ्रॉड सिद्ध झाल्याशिवाय कंपनी "तुम्ही आजार लपवलात" म्हणून क्लेम नाकारू शकत नाही. लाईफमध्ये कलम ४५, ३ वर्षांनंतर पॉलिसीवर कुठल्याच कारणाने शंका घेता येत नाही. हे दोन वेगळे नियम आहेत, लोक एकात एक मिसळतात, लाईफचे ३ आणि हेल्थचे ५ असं पाठ करा.

कॅशलेसची मंजुरी १ तासात, डिस्चार्जची ३ तासांत, हे आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये (एकत्रित नियमांच्या परिपत्रकात) आहे. हॉस्पिटलच्या काउंटरवर भांडताना हे वाक्य उपयोगी पडतं, पण कागद हातात असेल तरच.

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाईफ आणि वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य. ग्रुप पॉलिसीला आणि मोटरला ही सूट नाही. क्लायंटने जुन्या पावतीशी ताडून विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

आणि सीआयएस, म्हणजे ते दोन-तीन पानी माहितीपत्रक जे पॉलिसीबरोबर येतं. १ जानेवारी २०२४ पासून हेल्थमध्ये ते नव्या सोप्या स्वरूपात आलंय. क्लायंटसमोर बसून ते वाचून दाखवा. मालवणकडच्या एका एजंट मित्राला एका म्हाताऱ्याने सरळ सांगितलं होतं, "तुझो फॉर्म माका वाचूक येणा नाय, तूच काय ता खरा सांग." त्याने खळ्यात बसून पूर्ण वाचून दाखवलं, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) नि काय काय कव्हर नाही त्यासकट, आणि म्हाताऱ्याने पोरांच्या पण पॉलिसी त्याच्याकडे दिल्या. याला ट्रेनिंग म्हणा नाहीतर काही म्हणा.

आता आपल्या भागातले क्लेम, इथे जरा थांबू

हे कुठल्याही कंपनीच्या मॉड्यूलमध्ये मिळणार नाही, कारण मॉड्यूल सगळ्या देशासाठी एकच बनवतात.

पहिलं म्हणजे हेल्थचे झोन. बऱ्याच कंपन्यांत प्रीमियम शहराप्रमाणे वेगळा असतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्याला मुंबईपेक्षा कमी. क्लायंट खूश, तुम्ही खूश. पण आपला पेशंट अ‍ॅडमिट कुठे होतो? मोठं काही झालं की मुंबई, नाहीतर कोल्हापूर, खालच्या पट्ट्यातला गोव्याला. आणि काही पॉलिसींत खालच्या झोनचा प्रीमियम भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलातला ठराविक टक्का स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. हा टक्का तुमच्या कंपनीच्या पॉलिसी वर्डिंगमध्ये शोधा, झोन हा शब्द टाकून पीडीएफमध्ये सर्च करा, दहा मिनिटांचं काम. मग ज्यांना तुम्ही ती पॉलिसी दिली आहे त्यांची यादी करा आणि रिन्यूअलच्या आधी फोन करा. यातच तुमचा एक अख्खा रविवार जाईल आणि तो सत्कारणी जाईल.

त्याबरोबर तुमच्या तालुक्यातलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं कुठलं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये (कंपनीशी करार असलेल्यांत) आहे ती यादी दर सहा महिन्यांनी काढा, ती बदलत राहते. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलमध्येही कॅशलेस मागता येतं अशी सोय जानेवारी २०२४ पासून आहे, ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी आणि इमर्जन्सीत अ‍ॅडमिट झाल्यापासून ४८ तासांत कळवायचं, पण कंपनीच्या अटीत बसलं तर.

दुसरं, पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्टा झोडपला, मे २०२१ ला तौक्ते. या तीन घटनांचे क्लेम ज्यांनी जवळून बघितले त्यांना अंडरइन्शुरन्स (मालाच्या किमतीपेक्षा कमी विमा) काय असतो ते वेगळं शिकवावं लागत नाही. बाकीच्यांनी हे गणित एकदा वहीत करा. दुकानात माल २० लाखांचा, पॉलिसी काढली १० लाखांची कारण प्रीमियम वाचवायचा होता. पुरात ८ लाखांचा माल गेला. दुकानदाराला वाटतं १० लाखांची पॉलिसी आहे, ८ मिळतील. मिळतात ४ लाख, कारण त्याने निम्म्याच मालाचा विमा घेतला होता, म्हणून नुकसानही निम्मंच धरतात. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही स्टँडर्ड पॉलिसी आहे, त्यात १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते, पण निम्म्याला काही माफी नाही. आणि दिवाळीआधी, गणपतीआधी माल दुप्पट होतो, तेव्हा सम इन्शुअर्ड (विम्याची रक्कम) वाढवायचं सांगायला कोण जाणार? तुम्हीच.

घराचं वेगळं. भारत गृह रक्षा पॉलिसीत घराला हा अंडरइन्शुरन्सचा नियम लावत नाहीत, आणि इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरातल्या सामानाला आपोआप कव्हर असतं. कोकणात घराचा विमा हा प्रकार कोणी विचारतच नाही, बँकेचं कर्ज असेल तरच, बाकी मंगलोरी कौलं उडाली की तलाठी पंचनामा नि सरकारी मदत एवढंच लोकांना माहीत.

तिसरं, पुरात सापडलेली गाडी. हे सगळ्या क्लायंटना पावसाआधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा: पाण्यातून बाहेर काढलेली गाडी स्टार्ट करू नका. पाणी आत गेलेलं असताना सेल्फ मारला की इंजिन बसतं, आणि हे नुकसान नंतर तुमच्या हाताने झालं असं धरून साध्या पॅकेज पॉलिसीत नाकारतात. इंजिन प्रोटेक्टचा अ‍ॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यातही अटी असतात, त्या वाचा. टो करून गॅरेजला न्यायची, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं, इतकंच.

चौथं, दर्यावरचे. होडीच्या हल इन्शुरन्सची (होडीच्या सांगाड्याच्या विम्याची) पॉलिसी काढून बघा आणि त्यातल्या वॉरंटी, म्हणजे पाळायलाच हव्यात अशा अटी, वाचा, परवाना, किनाऱ्यापासूनची हद्द, बंदीचा काळ, तांडेलाचा कागद, काय काय लिहिलंय ते. खलाशांसाठी मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व अडीच लाख, हॉस्पिटलचे २५ हजार, आणि त्यात मच्छिमाराला प्रीमियम भरावा लागत नाही. तुम्हाला कमिशन नाही, म्हणून सांगायचं नाही असं करू नका. तसंच बँकेतले ४३६ रुपयांचे जीवन ज्योती आणि २० रुपयांचे सुरक्षा बीमा, दोन्हीचं वर्ष १ जून ते ३१ मे, मे अखेर खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो. बंदीच्या तोंडावर खलाशाच्या खात्यात पैसे नसतातच बऱ्याचदा. मे महिन्यात एक मेसेज टाका, बस.

आंबा-काजूचा फळपीक विमा एजंटच्या हातात नसतो, शेतकरी बँकेतून नाहीतर सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा) केंद्रातून भरतो. पण विचारतात तुम्हालाच. त्याचं तत्त्व समजून घ्या, नुकसान झाडावर जाऊन मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस, किमान-कमाल तापमान, वारा यांचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई लागते. म्हणून शेजारच्या मंडळाला मिळाली आणि आपल्याला नाही, असं होतं. कोकणातल्या आंब्याची मुदत साधारण नोव्हेंबर अखेर असते, त्या वर्षीची तारीख कृषी सहायकाकडून पक्की करा.

कुठून शिकायचं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे आयसी-३८ चंच पुस्तक, मराठीत मिळतं, पास झाल्यावर कोणी उघडत नाही. नवी आवृत्ती घ्या आणि फक्त क्लेम आणि कायद्याचे धडे परत वाचा. ते झाल्यावर ज्याला पुढे जायचंय त्याने मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट ही पहिली पदवी करावी. ६० क्रेडिट पॉइंट लागतात, पुढे असोसिएट २५०, फेलो ४९०. आयसी-०१ आणि मग तुमच्या लाईनप्रमाणे आयसी-०२ किंवा आयसी-११, असं एकेक पेपर देता येतो, सगळं एकदम करायची गरज नाही. इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठीत नाही, त्यामुळे हिंदी वाचायची सवय करा. नावापुढे लावायला एक पदवी मिळते हे ठीक, पण मला विचाराल तर आयसी-०१ ची तत्त्वं नीट कळली की निम्मे क्लेम आपोआप समजतात.

आयआरडीएआयची मास्टर सर्क्युलर थेट वाचायला घाबरू नका. इंग्रजी किचकट असतं, मान्य, पण सगळं नका वाचू, क्लेम आणि सर्व्हिसिंगच्या मुदतींचा तक्ता शोधा, तेवढाच प्रिंट काढून पाकिटात ठेवा. यूट्यूबवर मराठीत बोलणारे बरेच आहेत, काही चांगले, काही नुसते भरती करून घेणारे. जो सर्क्युलरची तारीख सांगत नाही त्याचा व्हिडिओ बंद करा.

आणि ई-मॉड्यूल पोराकडून पूर्ण करून घेऊ नका. फोन पोराच्या हातात देऊन "चालू ठेव रे" म्हणणारे मला माहीत आहेत. उद्या तक्रार झाली की कंपनी म्हणते याने ट्रेनिंग पूर्ण केलंय, याला माहीत होतं. सर्टिफिकेट तुमच्याच गळ्यात पडतं.

एथिक्सचं थोडं, पण दंडासकट

कमिशनमधले पैसे परत देणं, म्हणजे पहिला हप्ता मी भरतो वगैरे, हे कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे आणि दंड १० लाखांपर्यंत. सगळे करतात हे उत्तर नाही. क्लायंटने विचारलं तर कमिशनचा दर सांगावा लागतो. जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी काढणं हे आचारसंहितेत बसत नाही, आणि आपल्या भागात सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. फॉर्मवर क्लायंटच्या वतीने सही करू नका, तो मुंबईला असला तरी. आता ओटीपी आहे, लिंक आहे, गणपतीला येणारच आहे, थांबा.

तक्रारीचा रस्ताही क्लायंटला सांगता यावा. आधी कंपनी, ३० दिवसांत समाधान नाही झालं तर विमा लोकपाल, तिथे ५० लाखांपर्यंतचा वाद नेता येतो, वकील लागत नाही, फी नाही. ऑनलाइन तक्रारीला बीमा भरोसा पोर्टल. आपल्याच कंपनीविरुद्ध क्लायंटला हे कसं सांगायचं असं वाटतं काहींना. माझ्या मते जो सांगतो त्याच्याकडे लोक परत येतात.

नोंद कशी ठेवायची

एक साधी वही, नाहीतर मोबाईलमध्ये स्वतःच्याच नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तारीख, विषय, किती वेळ, आणि त्यातून बदललेली एक गोष्ट. सर्टिफिकेटचे फोटो लगेच ड्राइव्हवर टाका, पावसात फाईलला बुरशी येते हे तुम्हाला मी काय सांगू. क्लायंटच्या आधार-पॅनचे फोटो मात्र त्याच ग्रुपमध्ये टाकून ठेवू नका, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ते जोखमीचं आहे, काम झालं की डिलीट.

कंपनी बदलायची असेल तर ही नोंद फार कामाला येते. राजीनामा दिल्यावर आणि आयडी कार्ड परत केल्यावर जुन्या कंपनीने १५ दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट (काम सोडल्याचा दाखला) द्यायचं असतं, आणि त्याच्या तारखेपासून ९० दिवस झाल्याशिवाय त्याच प्रकारातल्या दुसऱ्या कंपनीत नेमणूक होत नाही. ते ९० दिवस कमाई बंद, म्हणून राजीनामा असा द्या की हे तीन महिने पावसात पडतील, मार्चमध्ये किंवा गणपतीत नाही. आणि सेसेशन सर्टिफिकेट मिळेपर्यंत रोज नाही तरी दर आठवड्याला मेल करत राहा, फोन नको, मेल, म्हणजे पुढे उशीर झाला तर तारखा दाखवता येतात.